मुलगा कुठल्या कॉलेजात आहे हो?



वर लिहिलेला प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकीने कुणाला ना कुणाला विचारलेला आहे. हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, नाहीतर एस.टी. स्टँडवर अवचित भेटलेल्या मावसबहिणीला. विचारताना मनात काही वाईट नसते. बोलायला विषय हवा, म्हणून विचारायचे. पण जिला उत्तर द्यायचे असते, त्या आईच्या घशात कधी कधी घास कसा अडकतो, ते या आठवड्याच्या पत्रावरून कळेल.

पत्र कॅलिफोर्नियातून आले आहे. लिहिणाऱ्या बाईंचे सासर साताऱ्याचे. लग्न होऊन तिकडे गेल्या त्याला बावीस वर्षे झाली. तिकडचेच नागरिक झाले आहेत दोघे. पत्र लांबलचक आहे. त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"ताई, आमचा मुलगा एकुलता एक. बारावीनंतर त्याने सहा विद्यापीठांत अर्ज केले. जिथे जायचे मनात होते तिथून नकार आले, नि जिथे मिळाले तिथला खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. शेवटी घराजवळच्या दोन वर्षांच्या कॉलेजात नाव घातले. इकडे त्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. त्याच आठवड्यात सासूबाईंचा फोन आला, 'बाळ कुठल्या कॉलेजात गेला गं?' माझ्या तोंडून निघून गेले, 'बर्कलेला!' का निघाले, देव जाणे. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी आळीत पेढे वाटले. मी फोनवर बोलत होते तेव्हा मुलगा जिन्यात उभा होता. त्याने सगळे ऐकले. मला काही बोलला मात्र नाही.

"पहिल्या सहामाहीत त्याने गणितात 'डी' आणला नि एक विषय मध्येच सोडून दिला. आम्ही नको नको ते बोललो. पुढे त्याचे त्यानेच सावरले. गणित पुन्हा घेतले, 'बी' मिळवला. त्यानंतर 'ए' आणि 'बी'च्या खाली उतरलेला नाही. आता दुसरे वर्ष सुरू झाले आहे. नोव्हेंबरअखेर त्याला बर्कलेला आणि लॉस एंजेलिसला, थेट तिसऱ्या वर्षासाठी अर्ज करायचा आहे. विषय अर्थशास्त्र. आमचे हे म्हणतात, पहिली सहामाही का बिघडली तिथे आजोबांचे आजारपण लिहून टाक. मामंजी त्या वर्षी आजारी होते हे खरे. पण त्याचा नि याच्या गणिताचा काडीचा संबंध नव्हता. मुलगा म्हणतो, 'मी असलं काही लिहिणार नाही. आणि आई, तू आजीला सांगितलंयस ना, मी बर्कलेलाच आहे म्हणून? मग आता अर्ज तरी कशाला करू?'

"ताई, हे ऐकल्यापासून मला झोप नाही. काय करू?

"ता. क. – मुलगा तसा गुणी आहे. शनिवार-रविवार एका किराणा दुकानात काम करतो. कॉलेजात कच्च्या मुलांसाठी शिकवणीची खोली आहे, तिथे आता तोच गणित शिकवतो."

या बाईंना मी वेगळे उत्तर लगेच पाठवले आहे, कारण सप्टेंबरातली एक तारीख त्यांनी चुकवून चालणार नव्हती. पण हे उत्तर तुम्हा सगळ्यांसमोर मांडावेसे वाटले. आज गावोगावी कुणाची भाची, कुणाचा पुतण्या, कुणाची नात तिकडे आहे. आणि ज्यांचे कुणीच तिकडे नाही, त्यांच्याही घरात हा 'कुठल्या कॉलेजात' आहेच की!

या पत्रात दोन गाठी आहेत. एक कागदपत्रांची, दुसरी मनाची. कागदपत्रांची आधी सोडवू. ती सोपी आहे आणि तिला मुदत आहे.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय?

नाव ऐकून आपल्याला वाटते, समाजमंदिरात भरणारा शिवणाचा वर्ग असेल. तसे नाही. कॅलिफोर्निया राज्याने १९६० साली उच्च शिक्षणाची एक मोठी योजना आखली. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी वरच्या आठव्या हिश्श्याला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे दार, वरच्या तिसऱ्या हिश्श्याला राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठांचे दार, आणि दोन वर्षांच्या कॉलेजांचे दार सगळ्यांनाच उघडे. पण योजना तिथे थांबली नाही. या दोन वर्षांच्या कॉलेजात जो नीट शिकेल, त्याला पुढे मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता यावे, अशी वाट मुद्दाम बांधून ठेवली. अशी ११६ कॉलेजे आज त्या राज्यात आहेत.

तेव्हा पहिली गोष्ट ही लक्षात घ्या, की ही वाट म्हणजे मागचे दार नव्हे. घर बांधतानाच ठेवलेले बाजूचे दार आहे ते. आपल्याकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून मुले इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात ना, त्याच जातीचा हा प्रकार. डिप्लोमावाल्या मुलालाही पहिली दोन-तीन वर्षे नातेवाइकांत मान खाली घालावी लागते. पुढे तोच मुलगा वर्कशॉपमध्ये बारावीवाल्यांना शिकवतो.

बर्कले आणि लॉस एंजेलिस ही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचीच दोन आवारे. पदवीचे शिक्षण देणारी अशी नऊ आवारे आहेत. पहिल्या वर्षाला दोन मुले घेतली, तर अशी मधून येणारी एक तरी घ्यायची, असे या विद्यापीठाचे धोरण आहे, आणि मधून येणाऱ्यांत बहुतेक मुले त्याच राज्यातल्या दोन वर्षांच्या कॉलेजांतली असतात. लॉस एंजेलिसचे उदाहरण घ्या. अलीकडच्या वर्षांत बारावीनंतर अर्ज करणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण नऊ जणांना तिथे जागा मिळते. मधून अर्ज करणाऱ्यांपैकी जवळजवळ पाव मुलांना मिळते. याचा अर्थ सोपे आहे असा नाही. चारांतल्या तिघांना नाहीच मिळत. कॉम्प्युटरसारख्या विषयात तर फारच थोड्यांना मिळते. पण दार बंद नाही, एवढे नक्की. आणि पदवीच्या कागदावर 'हा मधून आला' असा शिक्का कुठेही नसतो.

पैशाचेही बघा. राज्यातल्या रहिवाशाला दोन वर्षांच्या कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर फी पडते. (युनिट म्हणजे अभ्यासाचे माप. एक विषय साधारण तीन ते पाच युनिटांचा.) विद्यापीठात जाण्यासाठी साठ युनिटे लागतात. म्हणजे दोन वर्षांची फी झाली २,७६० डॉलर. तीच दोन वर्षे विद्यापीठात काढायची, तर नुसती फीच वर्षाला पंधरा हजार डॉलरच्या आसपास, राहणे-जेवणे निराळे. संसार चालवणाऱ्या बाईला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

तारखा आणि कागद

आता कामाच्या गोष्टी. कापून ठेवा, कुणाला पाठवायच्या तर पाठवा.

१. *विषय जुळवून घेणे.* इथे शिकलेला कुठला विषय तिथे कुठल्या विषयाच्या जागी धरतात, याच्या याद्या 'असिस्ट' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कॉलेजवार दिलेल्या असतात. पहिल्याच सहामाहीत ही यादी काढून भिंतीला लावावी. किती तरी मुलांची साठ युनिटे भरतात, पण नेमका हवा तो विषय राहिलेला असतो. आपण वाणसामान आणतो, पिशव्या भरून येतात, नि घरी आल्यावर कळते की मीठच राहिले. तसे होते. कॉलेजात यासाठी सल्लागार असतात. दर सहामाहीला त्यांची वेळ घेऊन बसावे. विचारायला संकोच करू नये.

२. *कमीत कमी अटी.* ज्या ऑगस्ट-सप्टेंबरात तिसरे वर्ष सुरू व्हायचे, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यापर्यंत ६० युनिटे पुरी हवीत. इंग्रजी लेखनाचे दोन विषय आणि गणिताचा एक विषय झालेला हवा. सरासरी गुण राज्यातल्या मुलांना चारपैकी किमान २.४ आणि बाहेरच्यांना २.८. पण हे फक्त उंबरठ्यापर्यंत यायला. बर्कलेला आत जाणाऱ्या मुलांचे गुण याहून पुष्कळ वर असतात.

३. *हमीची जागा.* हीच ती सप्टेंबरची तारीख. नऊपैकी सहा आवारे – डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ – या दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या मुलांना अटी पुऱ्या केल्यास जागेची हमी देतात. बर्कले, लॉस एंजेलिस आणि सान डिएगो देत नाहीत. हमीचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर या महिन्यात, सहांपैकी कुठल्या तरी एकाच ठिकाणी करता येतो. आपल्या विषयाला ती हमी लागू आहे ना, हे आधी बघावे. हा अर्ज केला म्हणून बर्कलेचा अर्ज अडत नाही. मी पत्र लिहिणाऱ्या बाईंना हेच कळवले, की मुलाला आजच्या आज सल्लागाराकडे पाठवा. पदराला गाठ मारलेली असली, की माणूस बाजारात निर्धास्त हिंडतो.

४. *मुख्य अर्ज.* ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरायचा असतो. सगळ्या आवारांना मिळून एकच अर्ज, पण फी प्रत्येक आवाराची निराळी, ८० डॉलर. उत्पन्न कमी असेल तर चार आवारांपर्यंत माफ होऊ शकते. शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नये. त्या रात्री सगळ्या राज्यातली मुले जागी असतात.

५. *काय लागत नाही.* या विद्यापीठाला शिफारसपत्रे सहसा लागत नाहीत. तेव्हा ओळखीच्या डॉक्टरकाकांकडून पत्र आणण्याची धावपळ नको. सॅट नावाची परीक्षाही लागत नाही.

६. *अर्जानंतर.* जानेवारीत नुकत्या संपलेल्या सहामाहीचे गुण कळवावे लागतात. निकाल एप्रिलअखेरपर्यंत लागतो आणि आपला होकार १ जूनपर्यंत द्यायचा असतो. प्रवेश मिळाला म्हणून शेवटची सहामाही ढिली सोडली, की मिळालेला प्रवेशही रद्द होतो. खीर झाली म्हणून गॅसवर तशीच ठेवून बाहेर गप्पा मारायला जायचे नाही!

हे झाले कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाचे. मोठमोठ्या खाजगी विद्यापीठांची तऱ्हा निराळी. तिथे मधल्या वर्षाचे अर्ज साधारण मार्च महिन्यात घेतात, दोन प्राध्यापकांची पत्रे मागतात, आणि जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. हार्वर्ड वर्षाला साधारण डझनभर मुले अशी घेते. प्रिन्स्टनने तर १९९० पासून मधून कुणालाच घेणे बंद केले होते, ते २०१८ साली पुन्हा सुरू केले. तरी अशा वाटेने मुले जातात. बराक ओबामा लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल या लहानशा कॉलेजात दोन वर्षे शिकले, १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९८३ मध्ये तिथली पदवी घेतली. 'पहिली दोन वर्षे कुठे होता हो?' असे त्यांना पुढे कुणी विचारत बसले नाही.

तो 'डी' कुठे लपवायचा?

कुठेच नाही. या अर्जात आजवर घेतलेला प्रत्येक विषय लिहावा लागतो. नापास झालेला, मध्येच सोडलेला, पुन्हा दिलेला, सगळे. एखादे कॉलेज, एखादी सहामाही गाळून चालत नाही. शेवटी कॉलेजकडून गुणांचा अस्सल कागद जातो, तेव्हा ते उघडकीला येतेच, आणि मग मिळालेली जागाही हातची जाते. लिहिलेल्या मजकुराचीही तपासणी असते. काही अर्ज नुसते चिठ्ठी टाकल्यासारखे निवडून विचारतात, 'हे लिहिलेत त्याचा पुरावा पाठवा.' आजोबांच्या आजाराचा पुरावा देता येईल एक वेळ. पण त्यामुळे गणित बुडाले याचा पुरावा कुठून आणणार? आणि खरे सांगू का, आजारी माणसाच्या नावावर आपले पाप टाकू नये. बरे नाही ते.

मग करायचे काय? जसे घडले तसे, पण थोडक्यात सांगायचे. अर्जात खुलाशासाठी वेगळी जागा असते. तिथे चार वाक्ये पुरेत. 'मनासारखे कॉलेज मिळाले नाही म्हणून पहिल्या सहामाहीत मी अभ्यासाकडे पाठ फिरवली. गणितात डी आला, एक विषय सोडला. पुढच्या सहामाहीत गणित पुन्हा घेऊन बी मिळवला. आता त्याच गणितात मी इतरांना मदत करतो.' संपले. रडगाणे नाही, सबबी नाहीत. भाजीत मीठ जास्त झाले तर सुगरण काय करते? पाहुण्यांपुढे मिठाच्या बरणीला दोष देत बसते का? बटाटा घालते, नि वाढते.

या मुलाने तर बटाटा कधीच घातला आहे. अर्ज वाचणाराही माणूसच असतो. घसरून उठलेल्या मुलाचे गुण त्याला दिसतात. आधी डी, मग बी, मग ए. ही चढण खोटी लिहिता येत नाही, तशी ती झाकायचेही कारण नाही.

निबंधात आईचा हात किती असावा?

अर्जात चार छोटे निबंध लिहायचे असतात, प्रत्येकी ३५० शब्दांच्या आत. मधून येणाऱ्यांना एक प्रश्न सक्तीचा असतो, 'तुम्ही निवडलेल्या विषयासाठी आजवर काय तयारी केलीत?' उरलेले तीन, सात प्रश्नांतून आपल्या आवडीने निवडायचे.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे आताच्या कॉलेजची नालस्ती. 'इथे शिक्षक बरे नाहीत, मुले अभ्यास करत नाहीत, म्हणून मला तुमच्याकडे यायचे आहे.' नव्या घरी जाऊन जुन्या घराची निंदा करणाऱ्याला शहाणे लोक घरात घेताना दोनदा विचार करतात. इथे काय मिळाले ते आधी सांगावे, मग पुढे काय हवे आहे ते. इथे सांख्यिकीचा पहिला भाग शिकलो, दुसरा भाग इथे नाही, तो तिथे आहे. असे नेमके, विषयाचे नाव घेऊन लिहावे. जो तिथल्या अभ्यासक्रमाची पाने वाचून आला आहे, तो लगेच ओळखू येतो.

दुसरी चूक म्हणजे हवेतले बोलणे. 'लहानपणापासून मला अर्थशास्त्राची ओढ होती.' अहो, लहानपणी कुणाला अर्थशास्त्राची ओढ असते? त्यापेक्षा, पत्र लिहिणाऱ्या ताई, तुमच्या ता. क. कडे जरा बघा. सगळे पत्र लिहून झाल्यावर, कोपऱ्यात उरलेल्या जागेत तुम्ही लिहिलेत की मुलगा किराणा दुकानात काम करतो आणि कच्च्या मुलांना गणित शिकवतो. अहो, मुलाचा निबंध तर तिथेच आहे! भाव वाढला की गिऱ्हाईक कुठली वस्तू आधी सोडते नि कुठली शेवटपर्यंत सोडत नाही, हे त्याने गल्ल्यापाशी उभे राहून पाहिले असेल. ज्या गणितात तो आपटला ते दुसऱ्याला समजावताना त्याला स्वतःला काय उमगले, ते त्याच्यापाशी असेल. हे पुस्तकात मिळत नाही. त्याला एवढेच विचारा, 'दुकानात काय बघतोस रे?' आणि मग तासभर गप्प बसून ऐका. आईने निबंधाला करायची मदत एवढीच. लिहायचे त्याने. शुद्धलेखन तपासा हवे तर. पैसे घेऊन निबंध लिहून देणारे पुष्कळ असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. विद्यापीठ उचललेला मजकूर शोधून काढते, आणि समजा नाही काढला, तरी मुलाला कळून चुकते की माझ्या आईबापांना माझे शब्द पुरेसे वाटले नाहीत.

आपल्याकडून जाऊ पाहणाऱ्यांसाठी

थोडक्यात सांगते, कारण अशीही पत्रे येतात. पुण्या-मुंबईच्या कॉलेजात एक-दोन वर्षे झालेल्या मुलालाही तिकडच्या विद्यापीठांत मधून अर्ज करता येतो. विद्यापीठाकडून गुणांचे अधिकृत ट्रान्सक्रिप्ट, प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाची प्रत आणि इंग्रजीची परीक्षा, एवढी तयारी ठेवावी. काही ठिकाणी गुणपत्रकाचे त्यांच्या पद्धतीने मूल्यमापनही करून मागतात. पण दोन गोष्टी ध्यानात असू द्या. एक, कॅलिफोर्नियाचे विद्यापीठ मधल्या जागा देताना आधी आपल्या राज्यातल्या दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या मुलांचा विचार करते. दोन, परदेशी विद्यार्थ्याला तिथे राहण्या-जेवण्यासकट वर्षाचा खर्च सत्तर हजार डॉलरच्या वर जातो, आणि मदत फारशी मिळत नाही. घर गहाण टाकण्याआधी हा आकडा घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा. शिवाय नव्या जागेचा कागद हाती येईपर्यंत इथले कॉलेज सोडू नये. जी मुले आधीच विद्यार्थी व्हिसावर तिकडे आहेत, त्यांनी कॉलेज बदलताना आधी सध्याच्या कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कचेरीत जावे, नोंद नव्या कॉलेजकडे वर्ग करून घ्यावी, नवा आय-ट्वेंटी कागद घ्यावा. मधे खंड पाडून चालत नाही.

आता दुसरी गाठ

ताई, आता तुमच्याशी बोलते.

तुम्ही सासूबाईंना खोटे बोललात, त्याचा मी बाऊ करत नाही. तोंडून निघून जाते. आपण बायका आयुष्यभर दोन घरांची अब्रू सांभाळत आलो. कुणी काही विचारले की झाकायचे, हा हाताचा गुणच होऊन बसतो. पण इथे काय झाले ते बघा. तुम्हाला वाटले, आपण लोकांपासून एक गोष्ट झाकली. जिन्यात उभ्या असलेल्या मुलाला वाटले, आईने मला झाकले. अठरा वर्षांच्या पोराला कळले की माझी आई माझ्या जागी दुसराच मुलगा लोकांना दाखवते, बर्कलेला असलेला. गणितातला 'डी' कशामुळे आला, याचे उत्तर कदाचित आजोबांच्या खोलीत नसेल, त्या जिन्यात असेल. मी शपथेवर सांगत नाही. तुम्हीच मनाशी ताडून पाहा.

'मग अर्ज तरी कशाला करू?' हा उद्धटपणा नाही, ताई. तो अगदी बरोबर विचारतो आहे. प्रवेश मिळाला तर ती बातमी आजीला सांगता येणार नाही, कारण तिच्या लेखी ती दोन वर्षांपूर्वीच झाली. आणि नाही मिळाला, तर आजीपुढे तो बर्कलेतून हाकलला गेल्यासारखा होईल. या एका वाक्याने तुम्ही त्याचा आनंद आणि त्याचे दुःख, दोन्ही आधीच खर्चून टाकलेत.

म्हणून अर्जावर सही होण्याआधी, नोव्हेंबर उजाडायच्या आत, साताऱ्याला फोन करा. तुम्ही करा, यजमानांना पुढे करू नका, मुलाला तर मुळीच नको. त्याला फक्त सांगून ठेवा की मी आज फोन करते आहे. ऐकायचे असेल तर ऐकू दे. जिन्यात नको, शेजारी बसून. आणि सासूबाईंना सरळ सांगा, 'आई, मी त्या वेळी खोटं बोलले. बाळ बर्कलेला नव्हता. तो इथल्या लहान कॉलेजात शिकतोय. पडला होता, पण स्वतःचा स्वतः उठला. दुकानात काम करून शिकतोय. आता मोठ्या कॉलेजला अर्ज करतोय. मिळेल की नाही, माहीत नाही.' एवढेच. पुढे त्या रागावल्या तर ऐकून घ्या. पेढे वाटलेत त्यांनी. चार शब्द बोलायचा अधिकार आहे त्यांना.

पण मला वाटते, तुम्हाला वाटते तितके अवघड जाणार नाही. त्या पिढीतल्या किती तरी बायकांनी लग्नानंतर बाहेरून मॅट्रिक दिली आहे. पाळणा एका हाताने हलवत एस.एन.डी.टी.च्या परीक्षा दिल्या आहेत. नवऱ्याची बदली झाली म्हणून पहिले वर्ष एका गावात नि दुसरे दुसऱ्या गावात, असे शिक्षण केले आहे. शिक्षण मध्येच तुटते, पुन्हा जोडावे लागते, हे त्यांना कुणी शिकवायला नको. आपण बायका तर वीस-बावीस वर्षे एका घरात काढून मधल्याच वर्षाला दुसऱ्या घरात दाखल होतो. तेव्हा मधून येणाऱ्याची धडधड आपल्याला कळणार नाही, तर कुणाला कळणार?

राहता राहिले तुमचे यजमान. त्यांनाही वाईट म्हणू नका. बापाला मुलाची काळजी असते, ती अशी वाकडी बाहेर पडते. त्यांना हा अंक दाखवा, प्रवेश रद्द होतो तो परिच्छेद बोट ठेवून वाचून दाखवा. पुरुषमाणसांना नियम दाखवला की पटते!

आणि बर्कले नाही मिळाले तर? तर हमीची जागा आहे. तिथली पदवीही त्याच विद्यापीठाची. मुलगा तिथे जाईल, शिकेल. मात्र तेव्हा आळीत वाटायचे पेढे मागे ठेवू नका. ते खऱ्या बातमीचे असतील.

बाकीच्या मैत्रिणींना एकच सांगणे. पुढच्या हळदीकुंकवाला तोंडावर 'मुलगा कुठल्या कॉलेजात आहे हो?' आले, की जरा थांबा. त्याऐवजी 'सध्या काय शिकतोय?' असे विचारून बघा. समोरच्या बाईचा चेहरा कसा मोकळा होतो, ते मला कळवा.

सातारच्या सूनबाई, एप्रिलअखेर निकाल लागला की पत्र टाका. काय लागला ते लिहाच. पण फोनवर सासूबाई काय म्हणाल्या, ते आधी लिहा.